नुसते ओठ हलव

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत दुःखी असायची सोय नव्हती. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. बारावीला मी आपटले आणि त्यानंतर माझं बोलणंच बंद झालं. कुणावर रागावून नव्हे; तोंड उघडलं तरी घशातून काही निघेचना. आई ताटावर बसवायची, मी दोन घास गिळून पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. "नाटकं आहेत," असा निकाल वडिलांनी आणि मजल्यावरच्या समस्त काकूंनी एकमताने देऊन टाकला.

अशात आमच्या सेक्रेटरीबाईंनी रविवारच्या पुरवणीत वाचलं की गाण्याने तरुणांचं मन हलकं होतं. वाचलेलं दुसऱ्यांवर करून बघायची बाईंना भारी हौस. आदल्या वर्षी सगळ्या सोसायटीला त्यांनी मोड आलेली मेथी खायला लावली होती. आता शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये गाण्याचा वर्ग निघाला आणि पडेल चेहऱ्याची पोरं गोळा झाली: नापास झालेली, नोकरी न लागलेली, आणि ज्याच्या मैत्रिणीचं घाटकोपरच्या इंजिनियरशी लग्न ठरलं होतं तो आमच्या वरच्या मजल्यावरचा. मला आईने हाताला धरून नेऊन बसवलं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की तो कुणाचा हे कळत नाही. तेवढ्या आडोशाला माझ्या घशातून काहीतरी फुटू लागलं. घरी अजून एक शब्द निघत नव्हता, पण मी शनिवारची वाट बघायला लागले होते.

पण नुसतं बरं वाटून आमच्या लोकांचं कधी भागलंय? स्पर्धेत उतरवल्याशिवाय पोराने शिंकलेलंही यांना वाया गेल्यासारखं वाटतं. बाईंनी आपल्या गाणाऱ्या भाचीला आमच्यात घेऊन आमचं नाव समूहगीत स्पर्धेत घातलं आणि मनं हलकी करायला निघालेल्या बाई आमचे सूर तपासू लागल्या. स्पर्धेआधीच्या शेवटच्या सरावानंतर मला जिन्यात गाठून त्या मायेने म्हणाल्या, "बाळ, तू नुसते ओठ हलव हं. उभी छान राहतेस तू." मी मान डोलावली आणि घरी येऊन न जेवता झोपले. त्या मायेचा मला अजूनही संताप येतो.

स्पर्धा जवळच्या शाळेत होती. पेटी वाजली, गाणं सुरू झालं आणि अख्ख्या हॉलमध्ये बाईंच्या भाचीचा एकटीचा आवाज घुमला. बाकी आम्ही सगळे इस्त्रीच्या कपड्यांत ताठ उभे, तोंडं उघडमीट करत. बाई पडल्या सुसंस्कृत. चारचौघांत कुणाचा अपमान नको म्हणून एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि कुणाकुणाला सांगितलं हे त्यांच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

मी शेजारी बघितलं. वरच्या मजल्यावरचा माझ्याकडेच बघत होता. "तुला पण सांगितलं?" तो पुटपुटला. "वाट लागली यार."

मला हसू फुटलं. किती महिन्यांनी, कोण जाणे. त्या हसण्यातच माझा आवाज सुटला आणि मी गायला लागले, चांगली ठणठणीत बेसूर. मग तो, मग मागची रांग. भाची रडकुंडीला आली. एका परीक्षकाने चष्मा काढून डोळे मिटून घेतले.

बक्षीस अर्थातच दुसऱ्यांना गेलं. बाई तरीही परीक्षकांना सांगत होत्या, "बघितलंत, गाण्याने मुलं कशी खुलली!" बाकीच्यांचे आईवडील माना खाली घालून निघून गेले. माझी आई फाटकाशी उभी होती. लाजेने मला तिच्याकडे बघवेना.

"फार वाईट झालं ना गं?" मी म्हटलं.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. तिला नीट ऐकू गेलं होतं, तरी म्हणाली, "काय म्हणालीस? परत बोल."