घट्ट धरा

"सरा बाजूला," असं म्हणून तो समोरच्याच्या खांद्याला दोन बोटं लावायचा. ढकलायचा नाही. दारावरची बेल दाबावी तशी नुसती बोटं टेकवायचा आणि माणूस आपोआप सरकायचा. नळ दुरुस्त करणारा सरकला, पंखा बसवणारा सरकला, एकदा पूजा सांगायला आलेले स्वामीही सरकले. मग तो पान्हा स्वतःच्या हातात घ्यायचा, आणि पुढचे चार दिवस नळ गळायचा.

तो माझा घरमालक. सोलापुरात सात रस्त्यापासून थोडं आत त्याचं दुमजली घर होतं. खाली तो आणि त्याची बायको, वर मी एकटा. एका सरकारी खात्यातून तो निवृत्त झाला होता, आणि आपल्यामागं ते खातं कसंबसं चाललं असेल अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. तोंडावर मी त्याला साहेब म्हणायचो. इथं 'तो' म्हणतोय. भाडेकरूला एवढाच सूड परवडतो.

तुमच्याही गल्लीत असा एक असेलच. काहीच येत नसल्यामुळं ज्याला कशाचीच भीती वाटत नाही, असा.

त्याची बायको अक्कलकोटकडची. मी त्यांना काकू म्हणायचो. त्या बोलायच्या मराठी, पण कुणाला जीव लावायचा असला की कानडी. घरात एक कुत्रा होता, साहेबांच्या निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी पिल्लू म्हणून भेट दिलेला. लहानसा, पांढरा, केस पार जमिनीला टेकलेले. सोलापूरच्या उन्हात तो जन्मभर घोंगडं पांघरून फिरायचा. मालकानं कुत्र्याचं नाव ठेवलं होतं टायगर. काकू म्हणायच्या पुट्टा, म्हणजे कानडीत लहानगा. टायगर म्हटल्यावर कुत्रा कधी आल्याचं मला आठवत नाही.

कुत्र्याला अंगाला हात लावलेला खपत नसे. काकूंनी त्यावर आपली एक रीत काढली होती. संध्याकाळी पायरीवर बसायचं, भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि "बा, बा" म्हणून बोलवायचं. तो आला की आधी पाठीवर नुसता हात ठेवायचा. मग खोबरेल तेलाचं बोट एका गाठीला लावायचं, केस मुळाशी चिमटीत धरायचे म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून गाठ सोडवत यायचं. कुत्रा गुरगुरला की हात काढून घ्यायचा. "आज एवढंच, पुट्टा." दिवसाला एक गाठ, फार तर दोन.

तो खुर्चीत बसून हे बघायचा आणि त्याच्या पोटात दुखायचं.

"एक गाठ! अशानं जन्म जाईल. कुत्र्याला एकदा दाखवून द्यावं लागतंय, मालक कोण हाय ते."

"त्याला दुखतंय ओ," काकू म्हणायच्या.

"तुला काय कळतंय? आणि कुत्र्याशी कानडी काय बोलतीस? त्याला काय अक्कलकोटला जायचंय?"

तो स्वतः करकंबकडचा, पक्क्या मराठी मुलखातला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी बायकोची भाषा शिकायची गरज त्याला पडली नव्हती.

मग काकू मुलीच्या बाळंतपणाला गेल्या, दोन महिन्यांसाठी. जाताना कंगवा आणि तेलाची बाटली कोनाड्यात ठेवून म्हणाल्या, "रोज एकच गाठ काढा की. बास."

दोन महिन्यांत त्यानं कंगव्याला हात लावला नाही. कुत्र्याच्या कानांमागं, काखेत, पोटाखाली केस गुंतून त्यांचा घट्ट नमदा झाला. चालताना पाय फाकायचा बिचारा. मी एकदा म्हणालो, "साहेब, डॉक्टरला दाखवूया का?" त्यावर तो असं हसला, की मी पुन्हा बोललो नाही.

काकू यायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं मला खाली हाक मारली. त्यानं फोनवर एक व्हिडिओ बघितला होता. कुत्र्याला पाइप लावून खसाखसा आंघोळ घालून झाली होती आणि कुत्रा भिंतीला टेकून थरथरत होता. ओल्या गाठी दगडासारख्या आवळल्या होत्या. जमिनीवर सोलापुरी चादर पसरलेली, शेजारी शिवणकामाची मोठी कात्री. कुत्र्याचं तोंड त्यानं पायजम्याच्या नाडीनं बांधलं होतं.

"गुंडाळा चादरीत," तो म्हणाला. "आणि घट्ट धरा."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही आणि वरच्या टाकीची मोटर खाली, त्याच्या हातात. हे कारण मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. दरवेळी ते आणखी लहान वाटलं.

मी गुंडाळलं. घट्ट धरलं. चादरीतून कुत्र्याचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं. गाठ बोटांत धरून त्यानं वर ओढली, आणि गाठीबरोबर कातडीही वर आली. मला ती दिसली. "साहेब, थांबा," असं मी म्हणालोही असेन. पण हात सोडले नाहीत. कात्री चालली. कुत्र्याच्या नाकातून बारीक, लांब आवाज आला, शिट्टीसारखा. कानामागं बोटभर लांब चीर पडली होती.

"हळद लावा," तो म्हणाला. "जनावराचं लवकर भरतंय."

मी कुत्र्याला तसाच उचलून रिक्षात बसलो. तोही चढला, कारण डॉक्टरला सांगायला कुणीतरी जाणकार हवा.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं आधी तोंडावरची नाडी सोडली. मग विचारलं, "आंघोळ कुणी घातली? गाठी असताना पाणी घालायचं नसतं, आणखी आवळतात. आणि कात्री? गाठीत कातडी अडकलेली असते, दिसत नाही."

"मी सांगत होतो," तो म्हणाला. "ह्यांनीच नीट धरलं नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. आपण किती स्वस्त आहोत हे माणसाला फार क्वचित इतकं स्पष्ट कळतं.

कुत्र्याला गुंगीचं इंजेक्शन देऊन तिनं सगळे केस मशिननं काढले आणि पाच टाके घातले. आतून एक गुलाबी, हाडकुळा प्राणी निघाला, आमच्या कुणाच्याच ओळखीचा नसलेला. भूल देताना घरमालक मात्र दोनदा पुढं झालाच. "सरा बाजूला." तिनं मान वर न करता सांगितलं, "बाहेर बसा." आणि तो बाहेर बसला. माझ्या पाहण्यातला हा एकच प्रसंग.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. कुत्रा पलंगाखाली गेला होता. त्या पिशवी हातात तशीच धरून जमिनीवर बसल्या. "बा, पुट्टा. बा." अर्धा तास लागला. तो बाहेर आल्यावर त्यांनी टाके बघितले, हात लावला नाही.

"कुणी धरलं होतं?"

"हे होते की," तो चटकन म्हणाला.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी "हो" म्हणालो. मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "ह्यापुढं ह्याला हात लावायचा न्हाई तुमी." आवाज चढवला नाही. तो हसला, पण पुन्हा हात लावला नाही.

पुढं एका दुपारी मी जिना उतरत होतो. काकू बाजारात गेल्या होत्या. तो पायरीवर नाही, खाली फरशीवर मांडी घालून बसला होता. हातात भाकरीचा तुकडा. आणि करकंबच्या जड जिभेनं म्हणत होता, "बा. बा की." कुत्रा पाच हातांवर बसून त्याच्याकडं बघत होता. बराच वेळ तसंच चाललं. मग मी त्याला दिसलो.

"तपासत होतो," तो उठत म्हणाला. "त्या कानानं ऐकू येतंय का ते."

मी मान डोलावली. वर जाऊन हसलोही. हसू फार टिकलं नाही, एवढंच.

नंतर माझी बदली झाली. गेल्या उन्हाळ्यात तो वारल्याचं कळलं म्हणून भेटायला गेलो. बैठकीत दहा-बारा माणसं होती. निरोपाच्या दिवशी बोलतात तसंच सगळे बोलत होते. कुणीतरी म्हणालं, "मुक्या जनावरावर लई माया साहेबांची." दोन-तीन माना हलल्या. माझीही हलली.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुत्रा त्यांच्या पायाशी होता, केस पुन्हा लांब, विंचरलेले. मी निघताना वाकून त्याच्यापुढं हात धरला. त्यानं हात हुंगला. मग शांतपणे उठला आणि काकूंच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

"राग मानू नका," काकू म्हणाल्या. "तुमचा आन् ह्यांचा, दोघांचाबी हात त्यो ओळखतोय."