न बांधलेली खांड

मी काय काम करते हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. बेलापूरच्या एका छोट्या ऑफिसासाठी मी रोह्याला घरी बसून लिहिते. देशातल्या कुठल्या भागात कुठला धंदा चालेल, पैसा कुठे घालावा, जमीन कुठे मिळते, कामगार कुठे, बंदर कुठून जवळ, असलं सगळं. मोरबीच्या फरशा, तिरुपूरचे बनियन, लुधियानाची लोकर, यांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत आणि यातलं एकही गाव डोळ्यांनी पाहिलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या, पण अशा सफाईने की वाचणाऱ्याला वाटावं, बाई तिथेच लहानाची मोठी झाली. नवरा म्हणतो, तू रोह्याच्या बाजारात भाजी घेताना फसतेस आणि परक्या माणसाला गुजरातेत कारखाना काढून देतेस. तो इथल्या केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, म्हणून मशीन न पाहता बोलणाऱ्यांचा त्याला राग आहे.

मग एकदा ऑफिसच्या पुस्तकातलं रायगड जिल्ह्याचं पान माझ्याकडे आलं. मी खूश झाले. निदान एक जागा अशी, की जिची मला खरोखर माहिती होती. माझं माहेर वडखळच्या पलीकडे, खाडीकाठी. डोलवीच्या कंपनीचा धूर आमच्या ओटीवरून दिसतो. मी लिहिलं की महामार्ग जवळ, रेल्वे जवळ, खाडी जवळ, पोलादाचा मोठा कारखाना हाकेच्या अंतरावर, आणि सपाट मोकळी जमीन. ती मोकळी जमीन म्हणजे आमची भातशेतं होती. भात कापल्यावर ती मोकळीच दिसतात, त्यामुळे खोटं लिहिलं असंही म्हणता येणार नाही. ऑफिसातल्या साहेबांना ते पान फार आवडलं आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले.

आमच्या गावची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध आहे म्हणून तिथे भात होतं. पावसाळ्यात मोठ्या उधाणाला कधी कधी हा बांध फुटतो. जिथे फुटतो त्या भगदाडाला खांड म्हणतात. खांडीतून खारं पाणी आत शिरलं की त्या वर्षीचं पीक गेलं. पण पाऊस सरल्यावर, भरतीचा जोर कमी असलेले दिवस बघून, गाव ती खांड बांधून काढतं. घरटी एक माणूस येतो. खाडीतल्या चिखलाचे गोळे हातोहात पुढे जातात, मध्ये पेंढा आणि दगड पडतात, आणि पुढची भरती यायच्या आत काम उरकावं लागतं. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचा कोणाशी दावा चालू आहे, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. गाव करील ते राव काय करील, हे मी शाळेत शिकायच्या आधी त्या बांधावर पाहिलं होतं.

मी ते पान लिहिलं त्याच वर्षी उधाणाला खांड पडली ती माझ्या काकूच्या शेताला लागूनच. काकू म्हणजे माझी धाकटी चुलती. काका लवकर गेले, मूलबाळ नाही. ते शेत ती एकटी बघायची, लावणीला चार बाया सांगायची आणि त्यांच्याबरोबर स्वतः चिखलात उतरायची. लहानपणी आई बाहेर असली की मी तिच्या चुलीपाशी जेवायचे. माझं लग्न होऊन मी रोह्याला आले तरी दरवर्षी भाताची झोडणी झाली की तांबड्या तांदळाचं एक गाठोडं माझ्याकडे यायचं. कोणीतरी एसटीत ठेवून द्यायचं आणि मी स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचे. आमच्याकडे तांदूळ विकत आणणं हे तिला कमीपणाचं वाटायचं.

भाऊबीजेला मी माहेरी गेले तेव्हा देवळात बैठक बसली होती. खांड कधी बांधायची हा विषय होता, पण त्यात पूर्वीसारखा जोर दिसेना. निम्मे तरुण कंपनीत कंत्राटी कामाला, कोणाची पहिली शिफ्ट, कोणाची तिसरी. माझा भाऊही त्यातलाच. रात्रभर भट्टीपाशी उभं राहून सकाळी कंबरभर चिखलात उतरायचं कोणाच्या जिवावर येणार नाही? शिवाय दिवाळीच्या आधी स्वच्छ कपड्यांतली दोन माणसं गाडीतून येऊन बांधावर फिरून गेली होती. जमीन बघत होती म्हणे. तेवढ्यावर गावात, बाजारात तुरी तसे, जमिनीच्या भावाचे हिशेब सुरू झाले होते.

कोणीतरी म्हणालं, हिला विचारा, ही त्याच कामात आहे. हिच्याच पुस्तकात आपलं गाव आलंय.

त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं. मला त्या दोन माणसांबद्दल काहीही माहीत नव्हतं. ती कुठल्या कंपनीची, खरंच घेणार की नुसती हवा खायला आली होती, काही नाही. पण सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. ज्या देवळात बायकांनी मागे बसायचं, तिथे मला पुढे बोलावून खुर्ची दिली होती. मी शांतपणे, ऑफिसातल्या आवाजात सांगितलं की खाडीकाठच्या जमिनीला आता मागणी येणार आहे, साऱ्या देशात हेच चाललंय, घाई करू नका, वर्षभर थांबा. जी जमीन विकायचीच आहे तिच्यावर कष्ट कशाला, असंही वर जोडलं. स्वतः लिहिलेल्या जाहिरातीवर स्वतःच विश्वास ठेवणारी माझ्यासारखी शहाणी दुसरी नसेल.

माणसांचे चेहरे सैल झाले. त्यांना निमित्त हवं होतं आणि ते मी ताटात वाढून दिलं. काकू मात्र मागून उठली. ती एरवी बैठकीत बोलत नाही.

"यंदा खांड नाय बांधली तं माझं शेत जाईल," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की काकू, शेत जाणारच आहे, पण चांगल्या भावाने जाईल, तुला म्हातारपणी चिखल तुडवायला नको. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि खाली बसली. शिकलेल्या पोरीच्या तोंडाला काय लागायचं, असं तिला वाटलं असेल. मला त्या वेळी वाटलं, तिला पटलं.

वर्षभर कोणी आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात खांड रुंदावली. आता पाणी दिवसातून दोनदा काकूच्या शेतात ये-जा करू लागलं. पोरांनी खांडीच्या तोंडावर जाळी लावली आणि तिथे चांगला मासा लागू लागला. मी गेले तेव्हा एकाने मला मोठा जिताडा आणून दिला. आमच्या भागात जिताडा उगाच कोणी देत नाही. ज्या साहेबाकडून काम करून घ्यायचं त्याच्या घरी तो पोचवतात. म्हणजे मी साहेब झाले होते. "गिऱ्हाईक आलं की आमचं बी बघा," तो म्हणाला. तो मासा काकूनेच मला साफ करून दिला, तिच्याच शेतात धरलेला. मी तो रोह्याला आणला, तळला, आणि आम्ही दोघांनी खाल्ला. चव चांगली होती. हे आठवलं की मला माझीच लाज वाटते.

त्यानंतर शेतात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली. खारं पाणी खेळतं राहिलं की भरतीबरोबर त्यांच्या बिया येतात आणि चिखलात रुजतात. आधी बोटभर दिसली तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. गुडघ्याएवढी झाली तेव्हा पुन्हा एक गाडी आली. या वेळची माणसं खरोखर घेणारी होती असं भाऊ सांगतो. ती बांधावर चढलीसुद्धा नाहीत. रस्त्यावरूनच हिरवळ बघून म्हणाली, तिवरं आहेत, तिवरांना हात लावायला बंदी आहे, ही जमीन आमच्या कामाची नाही. आणि गेली. आता गावाला खांड बांधायची म्हटली तरी तिथे जायला तिवरं तोडावी लागतील आणि तो गुन्हा. विकता येत नाही, पिकवता येत नाही, अशी ती जमीन झाली.

ऑफिसने मला रायगडचं पान दुरुस्त करायला सांगितलं. मी मोकळ्या जमिनीचं वाक्य काढून टाकलं. चहा निवायच्या आत ते काम झालं.

भाऊ म्हणतो, तू मनाला लावून घेऊ नकोस. तू बोलली नसतीस तरी कोणी चिखलात उतरलं नसतं, आमची कोणाची इच्छाच नव्हती. तो म्हणतो ते बहुतेक खरं आहे. पण भावाला पगार आहे, मला पगार आहे. बैठकीत ज्यांनी माना डोलावल्या त्या बहुतेकांच्या घरात कंपनीचा पगार येतो. ज्या एका बाईचं पोट त्या शेतावरच होतं, तिला मी खाली बसवलं. भावाने कितीही समजूत घातली तरी हे माझ्या मनातून जात नाही, आणि जाऊ नये असंही मला वाटतं.

काकू आता पेणच्या रामवाडीला एका बाईकडे पापड लाटायला जाते. पेणचे पापड सगळीकडे जातात, त्यामुळे काम बारमाही असतं. दुपारी परतताना ती दुकानातून पांढरा तांदूळ घेते. माझ्याकडे येणारं गाठोडं बंद झालं. एकदा मीच तांबडा तांदूळ शोधून तिच्याकडे नेला, तर तिने तो ठेवून घेतला, पण शिजवला नाही. कोणाच्या शेतातला हाय, एवढंच विचारलं.

गेल्या महिन्यात ती अचानक रोह्याला माझ्या दारात उभी राहिली. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. डोंगराकडे तिचा एक लहान तुकडा आहे, तिथे ती वाल करते, आता तेवढीच तिची शेती. तो तुकडा एक दलाल मागत होता. रस्त्यालगत मोठं गोदाम होणार, आता दे, नाहीतर मागाहून कोणी विचारणार नाही, असं त्याने सांगितलं होतं. माझे थोरले काका म्हणतात देऊन टाक, माझा भाऊ म्हणतो थांब. काकूने पदराने तोंड पुसलं, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, तू सांग. तू सांगशील तसं करते.

मला वाटलं होतं ती कधीतरी येऊन मला चार शब्द सुनावेल. त्याची मी वाट बघत होते म्हणा ना. ती पुन्हा माझाच सल्ला घ्यायला येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. समोर लॅपटॉप उघडा होता, त्यावर ओडिशातल्या कुठल्या जिल्ह्यात काय काढावं ते मी लिहीत होते. मी तो मिटला.

"मला नाही माहीत, काकू," मी म्हटलं. "गोदाम होईल की नाही, मला खरंच माहीत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. देवळात बघत होती तशीच.

"मग तवा ठावं होतं व्हय गो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने पिशवीतल्या शेंगा ताटात ओतल्या आणि सोलायला बसली.  मग मान वर न करता ती म्हणाली, "नाय ठावं, येवढं बोलली असतीस, तरी मी सगळ्यांच्या पाया पडून खांड बांधून घेतली असती."