गव्हावर ज्वारी नको

हिंगोलीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत किसनरावांची खानावळ आहे. कचेरीतले कारकून, भरतीच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं, हळद विकायला आलेले शेतकरी, सगळे तिथं जेवतात. त्या खानावळीत शिलानं अकरा वर्षं पोळ्या लाटल्या. तिची पोळी तव्यावर टम्म फुगायची आणि गार झाली तरी मऊ राहायची. किसनराव तोंडावर कौतुक करणाऱ्यांतले नव्हते, पण नवं गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "भाजी कशीबी असो, पोळी खाऊन पाहा."

शेकड्यानं पोळ्या करणारी ही बाई स्वतः मात्र वाळत चालली होती. जेवलं की पोट फुगायचं, दिवसातून चार-पाच वेळा परसाकडं पळावं लागायचं. नखं पांढरी पडलेली, केस विंचरले की फणी भरून यायची. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या आणायची, पण अंगात रक्त काही भरत नव्हतं. लेक रागिणी हिच्या पाठीवर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. बायका म्हणायच्या, "खात-पीत न्हाई नीट, म्हणून." भूक लागली की शिला तव्यावरची गरम पोळी गूळ लावून खायची. तिच्या दृष्टीनं ती चांगलीच खात होती.

एका दुपारी लाटणं हातात असतानाच तिला भोवळ आली. नवरा प्रभू आडतीवर हळदीची पोती शिवायचं काम करतो. तो पिवळ्या हातांनी तसाच धावत आला. दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढवलं आणि नांदेडच्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडं चिठ्ठी दिली. बाई तरुण होत्या. काय दुखतं हे विचारायच्या आधी त्यांनी काय खाता ते विचारलं. रक्त तपासलं, तोंडावाटे नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं सांगितलं, "तुम्हाला सीलिअॅक आहे."

हे नाव शिला पहिल्यांदाच ऐकत होती.

"गव्हात ग्लुटेन म्हणून एक चिवट पदार्थ असतो. कणीक ताणली जाते ना, ती त्याच्यामुळं. तुमच्या आतड्याला तो सोसत नाही. आतल्या बाजूला अन्न ओढून घेणारी लव असते, ती झडून गेलीय. म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही."

"मंग गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतील?"

"ह्याला गोळी नाही. गहू बंद, रवा-मैदा बंद, जव बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका सगळं चालेल."

"किती दिवस?"

"जन्मभर, ताई. आणि मुलीचीही तपासणी करून घ्या. हे रक्ताच्या नात्यात असू शकतं."

बाहेर आल्यावर प्रभूनं मोठा श्वास सोडला. "म्या म्हणलं काय निघतंय अन् काय न्हाई. आपून भाकरी खाणारी माणसं. त्यात काय येवढं?"

शिलालाही तसंच वाटलं. रागिणीच्या तपासणीचं मात्र तिनं मनावर घेतलं नाही. पोरगी हसती-खेळती होती. जरा ठेंगणी होती एवढंच.

पोळी सुटली. भाकरी आली, भात आला. पहिल्या दोन महिन्यांत पोट थोडं बरं झालं, पण अंगातला थकवा हटेना. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर ह्या आजाराचा वाढलेला आकडा जवळजवळ तिथंच. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी आली.

"गहू खाताय तुम्ही."

"आईची शप्पथ, एक घास न्हाई खाल्ला."

"मग काम काय करता?"

"खानावळीत पोळ्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दिवसभर पीठ उडतं, हाताला लागतं, नाकातोंडात जातं. बरं, ज्वारी कुठं दळता?"

उत्तर शिलाच्या डोळ्यांपुढंच उभं राहिलं. गिरणीवर बायका रांगेत डबे ठेवतात आणि एकमेकींना बजावतात, ज्वारीवर ज्वारी टाका, गव्हावर ज्वारी नको. आधीच्या बाईचं मूठभर पीठ आपल्या डब्यात येतं, हे लहान पोरालाही ठाऊक. भाकरी थापताना पीठ चिकट लागलं की गहू मिसळल्याचं कळतंच. अशा भाकरी तिनं सहा महिने खाल्ल्या होत्या. निघताना बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचा. घरी येऊन रागिणीकडून वाचून घेतलं. हिंगातही गव्हाचं पीठ. शिला ओट्याला टेकून बसली आणि तिला हसू फुटलं, मग त्याच हसण्यात रडू.

दुसऱ्या दिवशी ती किसनरावांकडं गेली. काम सोडत असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "अकरा वर्सं झाली. आता म्या कुठून आणू तुझ्यासारखी बाई?"

"म्या जगले तर भेटायला तरी येईन, दादा."

"आसं बोलू नको," ते म्हणाले आणि उगाच गल्ल्यावरचं फडकं झटकू लागले. शिला हळदीच्या गोदामात निवडायच्या कामाला लागली. दिवसभर वाकून बसावं लागायचं, पण तिथं पीठ नव्हतं.

घरातली परात तिनं नवी आणली, तवा वेगळा केला. रागिणी आणि प्रभू पोळी खायचे, ती वेगळ्या चुलीवर भाकरी थापायची. असं चाललं असताना शाळेत कवायतीचे फोटो काढले. रागिणी नववीत, पण पहिल्या रांगेत सहावीच्या पोरींसोबत उभी होती. फोटो बघून शिलानं पोरीला जवळ बोलावलं. पोरीची नखं तिनं उजेडात धरून पाहिली. पांढरी होती, तिच्यासारखीच.

ह्या वेळी तिनं एक दिवसही घालवला नाही. नांदेडला उत्तर मिळालं ते तिला आधीच माहीत होतं, रागिणीलाही सीलिअॅक. परतताना बसमध्ये ती प्रभूला एवढंच म्हणाली, "माझ्याकडून गेलं तिला. त्यात म्या एक वर्स वाया घातलं."

"तुला कुठं ठावं होतं?"

"सांगितलं होतं की डॉक्टरीणबाईनं."

रागिणीला हे सोसलं नाही. भाकरीचं ताट तिनं सरकवलं. "सगळ्या पोरी खारी खातात, समोसा खातात. मी काहून म्हातारीसारखं खाऊ?" चार दिवसांनी दप्तर झटकताना शिलाला तळाशी खारीचा चुरा सापडला. तिनं आरडाओरड केली नाही. पोरीच्या शेजारी जाऊन बसली.

"मलाबी वाटतं गं. खानावळीजवळून जाताना पोळीचा वास आला की पाय थांबतात. रस्ता बदलून जाते म्या."

रागिणीनं मान वर केली नाही. "तू सांगितलं न्हाई कधी."

"काय सांगायचं? पण दोन लेकरं गेली माझी. त्ये गव्हानं झालं का आणखी कशानं, डॉक्टरीणबाईलाबी नक्की सांगता येईना. तुझं तसं व्हायला नको, येवढंच."

ह्या गोष्टी रागिणीला कुणी सांगितल्याच नव्हत्या. तिनं उठून खारीचा चुरा बाहेर झटकला. त्या रात्रीपासून घरातला गहूच बंद झाला. प्रभूनं डबा उचलून शेजारी देऊन टाकला.

राहता राहिली गिरणी. मोहियोद्दीनभाईंची गिरणी गल्लीच्या तोंडाशी होती. शिलानं त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते आधी गोंधळले. "बाई, दगड धुता येत न्हाई ना. तुमच्या आधी तांदूळ फिरवला तरी हवेत गहूच हाय." मग त्यांची बायको मदीनाबी आतून म्हणाली, "पीछे अब्बा की मशीन पडी है ना." सासऱ्याच्या वेळची लहान चक्की परसात ताडपत्रीखाली गंजत होती. मोहियोद्दीनभाईंनी मोटर दुरुस्त करून घेतली, छिन्नीनं टाकी मारून दगड नव्यानं खडबडीत केले आणि परसातल्या खोलीत चक्की बसवली. मदीनाबीनं दारातच सांगून टाकलं, "इधर गेहूँ का दाना भी नहीं आयेगा. जो लायेगा, उसको मैं देख लूँगी."

आपल्या आणि मदीनाबीच्या अशा दोन घरच्या ज्वारीवर चक्की चालणार कशी, ह्याची शिलाला धास्ती होती. त्यावर तोड श्रावणानं काढली. उपवासाच्या राजगिऱ्यात गव्हाचा कण नको म्हणून बायका आधीच कुरकुरत असायच्या. वेगळी चक्की सुरू झालीय हे कळल्यावर त्या राजगिरा, वरई घेऊन परसात येऊ लागल्या. मदीनाबीचे गुडघे दुखायचे, सारखी उठबस व्हायची नाही. "तू ही संभाल ले," ती शिलाला म्हणाली. अशी शिला चक्कीवर कामाला लागली. हळदीचं गोदाम सुटलं. वर्षभरानं तिचा आजाराचा आकडा खाली आला, गालांवर मांस चढलं. रागिणी दीड वर्षात चार बोटं वाढली आणि तिच्या सलवारी आखूड झाल्या. प्रभू प्रत्येक सलवार हातात धरून हिंडायचा आणि आल्यागेल्याला दाखवायचा.

यंदा कनेरगाव नाक्याला शिलाच्या भावाच्या, शिवहारच्या पोरीचं लग्न होतं. आदल्या वेळी एका बारशाला शिला डबा घेऊन गेली होती, तेव्हा शिवहार दुखावला होता. "आमच्या घरचं अन्न बाटलेलं हाय का?" असं चारचौघांत बोलून गेला होता. म्हणून ह्या वेळी ती पिशवीत डबा लपवूनच गेली.

मांडवात पाय ठेवताच भावजय सिंधूबाईनं तिला हाताला धरून मागं नेलं. अंगणाच्या कोपऱ्यात, पुऱ्यांच्या कढईपासून लांब, तीन दगडांची चूल मांडली होती. त्यावर नव्या पातेल्यात भात, शेजारी बिनहिंगाचं वरण आणि वांग्याची भाजी. शिवहार शेजारी उकिडवा बसून जाळ सारत होता.

"तुमच्या मदीनाबीला फोन करून इचारलं सगळं," सिंधूबाई म्हणाली. "तुमच्या भावानंच लावला फोन."

शिवहारनं मान वर केली नाही. "पाणी बी वेगळं भरलं हाय, आक्का. जेवा तुमी मायलेकी आधी."

शिलानं पिशवीतला डबा आणखी आत सारला. रागिणीनं मात्र पातेल्याचं झाकण उचलून आत पाहिलं आणि विचारलं, "मामा, वाढायची पळी कोणती? पुरीवालीकडली न्हाई ना?"

"न्हाई गं बये," शिवहार म्हणाला, आणि खिशातून कागदात गुंडाळलेली नवी पळी काढून तिच्या हातात दिली.