मास्तर पटकन गेले

आता हसणार नसाल तरच सांगते. मी एका जिवंत माणसाला मारलंय. तेही लॉकडाउनमध्ये, नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या खोलीतून न हलता!

माझा प्रबंध एकोणिसाव्या शतकातल्या एका कोकणी शाळामास्तरांवर. इंग्रज साहेबाची शाळा, डोक्यावर पगडी, हातात छडी. कोरोनामुळे सगळं बंद, त्यामुळे वर्षभर खोलीत सोबत काय ती या मास्तरांचीच. शेवटच्या प्रकरणात बिचारे पटकीने गेले. पटकी म्हणजे कॉलरा हो. लिहिता लिहिता मला रडूच फुटलं. मैत्रिणीला मेसेज टाकला, "मास्तर गेले गं. पटकीने. भावपूर्ण श्रध्दांजली."

मग फोन स्वयंपाकघरात ठेवून आडवी झाले. टिंग वाजलं की दचकते ना मी!

उठून बघते, तर मेसेज गेलाय मराठी मंडळाच्या ग्रुपवर! आणि मंडळातही एक मास्तर आहेत. आइंडहोवनचे कुलकर्णीकाका. एरवी इंजिनिअर, रविवारी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवतात. झालं!

"अरे देवा! कालच बोललो!"

"इतक्या पटकन?" (पटकी कुणाला ठाऊक? सगळ्यांनी 'पटकन' वाचलेलं!)

मी घाईघाईने लिहिलं, "मास्तर जिवंत आहेत!"

लगेच उत्तर, "हो गं, आपल्या आठवणीत."

काकूंना कुणी कळवलं तर? त्यांनाच फोन लावला.

"काकू, कुणी काही सांगितलं तर..."

"सांगितलं की! आल्मेरेची सुषमा हुंदके देत होती. म्हटलं, अगं बाई, मग माझ्या थालीपिठांवर ताव मारतंय कोण?"

मागून आवाज आला, "दे गं तिला इकडे."

"काका, सॉरी! माझे मास्तर वेगळे, ते केव्हाच..."

"ते असू दे. श्रद्धांजलीत आधी द की आधी ध?"

"...ध?"

"द! एवढं मरावं माणसाने, आणि श्रद्धांजली ही अशी? रविवारी वर्गात ये."

प्रबंधात मी ठासून लिहिलंय, चुकलेला शब्द पुन्हा पुन्हा गिरवायची शिक्षा साहेबाबरोबरच गेली. आणि रविवारी कॅमेऱ्यासमोर पाटी धरून मी 'श्रद्धांजली, श्रद्धांजली' गिरवत होते.

पहिलीतली ईरा हळूच म्हणाली, "ताई, हू डाइड?"

म्हटलं, "मी!" आणि पुढची ओळ घेतली.