खिडकीमागची झुडपं

मी लेफ्टनंट असताना एका इवल्याशा पक्ष्याचं घर तोडायचा हुकूम दिला. खांद्यावर दोन तारे लागले की अक्कल आपोआप येते, असा माझा तेव्हा समज होता. ती कॅपमध्ये असावी; आणि कॅप मी खुंटीला टांगून ठेवायचे.

पोस्टिंग ईशान्येकडच्या जंगलातल्या फील्ड हॉस्पिटलमध्ये होतं. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची, सर्जिकल वॉर्ड माझ्याकडे. खिडकीजवळच्या बेडवर नाईक दत्ता साबळे. स्फोटात पोटाला जखम, डोळ्यांवर पट्टी. गाव विठ्ठलवाडी. मी डोंबिवलीची कळल्यावर म्हणाला, "म्हणजे शेजारीच की, मॅडम."

खिडकीमागच्या झुडपांत सातभाईंच्या जातीतला एक छोटा, एकटा राहणारा पक्षी असायचा. चिमणीएवढा, छातीवर ठिपके, पाचोळा उचकून किडे खाणारा. दिसायचा क्वचित, शीळ मात्र पहाटेपासून. साबळे गस्तीच्या तुकडीत सगळ्यांत पुढे चालणारा स्काउट होता. म्हणायचा, "हा बोलतोय तोवर झाडीत कोणी नाही. गप्प झाला की समजायचं, माणूस शिरला." त्या शिळेवरच त्याचा डोळा लागायचा.

सीओंचं, म्हणजे कमांडिंग ऑफिसरांचं, इन्स्पेक्शन जाहीर झालं. दगडांना गेरू-चुना लागला. मी साफसफाईच्या फटीग पार्टीच्या हवालदाराला बोलावलं.

"मागची झुडपं साफ करा."

"सगळी, मॅडम?"

"एक पान दिसता कामा नये."

संध्याकाळपर्यंत मैदान चकाचक. मी स्वतःवर बेहद्द खूश. साबळेला सांगावं, हे सुचलंही नाही.

पहाटे शीळ आली नाही. वॉर्डातून ओरडा आला, "स्टँड टू! हत्यारं घ्या! झाडीत माणूस आहे!" मी धावले. साबळेने ड्रिप उपटून काढली होती. चाचपडत शेजारच्या जवानाला हलवून उठवत होता. पोटाचे टाके सुटले होते.

"साबळे, आडवा हो. बाहेर कोणी नाही."

"पक्षी गप्प आहे, मॅडम. आधी यांना हलवा."

दुपारी ऑपरेशन टेबलवरच तो गेला. इन्स्पेक्शनमध्ये वॉर्डाला शाबासकी मिळाली. ती मी सॅल्यूट ठोकून घेतली.

मेजर म्हणून रिटायर होऊन डोंबिवलीत आल्यावर मी त्याच्या बायकोला, लताला, शोधून काढलं. आता आमची चांगली गट्टी आहे. ती मला 'मेजर' म्हणून चिडवते. टाके सुटून गेला, एवढंच तिला ठाऊक होतं. ते का सुटले, हे सांगायची हिंमत मेजरला होत नव्हती. सांगितलं तर ही दारातूनच परत पाठवेल, ही धास्ती.

यंदा तिला ठाण्याला, येऊरच्या जंगलात नेलं. कारवीच्या जाळीतून तीच शीळ आली.

"लता, हाच तो पक्षी," मी म्हटलं. "दत्ता ऐकायचा तो." आणि मग सगळं सांगून टाकलं. हुकमासकट, शाबासकीसकट. माझा आवाज चढला असावा. जाळीतली शीळ थांबली.

लता तिकडेच बघत राहिली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"गप्प बस, मेजर. त्याला पुन्हा बोलू दे."