तापातला ठेका

लंबू लिफ्टच्या डोक्यावर बसला होता, तेव्हा ठोक्याचा फोन आला. डोक्यावर म्हणजे खरोखर डोक्यावर. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबवून, तिच्या टपावर मांडी घालून, तो दाराच्या रुळातला कचरा काढत होता. लिफ्ट दुरुस्तीत वीस वर्षं काढलेला माणूस, टपावर तो घरच्या खुर्चीसारखा बसायचा. हेल्मेटवरचा दिवा, मांडीवर पाना, कानांत बोळे. एक बोळा काढून त्याने फोन कानाला लावला.

"अरे, तुला त्या कॅसेट कंपनीतल्या पोरीचा फोन आला का?" ठोक्या इतक्या जोरात बोलत होता की तो बोळा काढला नसता तरी चाललं असतं. "आपली कॅसेट पुन्हा काढतायत म्हणे! आत छोटं पुस्तक असणार, कोणी काय वाजवलं ते सगळं छापून. मी सांगितलं तिला, पायऱ्या गाण्यावर माझ्याबद्दल दोन ओळी जास्त लिही. लाज सोडून सांगितलं बघ."

"छान," लंबू म्हणाला.

"छान काय छान? सोमवारी छापायला जातंय. शनिवारी दुकानात ये, जुने फोटो निवडू."

फोन बंद झाला. लिफ्टची दोरी तुटताना माणसाला काय वाटत असेल याचा अंदाज त्याला धंद्यामुळे होता. साधारण तसंच त्याला आता वाटत होतं.

आता हे सगळं समजायचं तर थोडं मागे जायला हवं, त्याला इलाज नाही.

तिघांचा बँड होता. नाव 'चौथा मजला'. तालीम मात्र एका छापखान्याच्या तळघरात, कारण वर यंत्रं धडधडत असली की खालच्या गोंगाटाबद्दल कोणी तक्रार करायचं नाही. गाणारी आणि गिटार वाजवणारी होती भुंगा. ती शाळेपासून सतत गुणगुणायची, म्हणून भुंगा. लंबू बेस वाजवायचा, आणि ड्रमवर ठोक्या. गाणी स्वतःची. सिनेमातली नाहीत, नाचायची नाहीत, प्रेमाची तर मुळीच नाहीत. भाड्याच्या खोलीवर एक होतं, दाढदुखीवर एक होतं. भुंगा गिटारच्या तारा अशा काही सैल करून लावायची की पहिल्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायची. भुंगाच्या आईने एकदाच ऐकलं आणि विचारलं, "बाळा, हे झालं की सुरू व्हायचंय?"

पण लोकांना आवडायला लागलं. आधी कॉलेजात, मग एका पडक्या थिएटरात, मग दोन दोन गावं ओलांडून. त्यात मोठा वाटा ठोक्याचा होता, हे लंबू कुणाच्याही तोंडावर सांगायचा. ठोक्याचा ठेका किंचित मागे असायचा. चुकायचा नाही, मागे रेलायचा. जेवून उठलेला माणूस भिंतीला टेकतो तसा. गाणं पुढे धावायला बघायचं आणि ठोक्या त्याला म्हणायचा, थांब रे, कुठं आग लागलीय.

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. लंबूने स्वतः आधी दोन वर्षं ड्रम बडवले होते. ठोक्या आला, वाजवायला बसला, आणि लंबूने मुकाट्याने बेस उचलला. ज्याचं त्याला.

मग कॅसेट काढायची ठरली. सात गाणी, एका स्टुडिओत तीन दिवस. तिसऱ्या दिवशी पायऱ्या हे गाणं राहिलं होतं, आणि ठोक्या तापाने फणफणलेला. डोळे लाल, अंगात स्वेटर, त्यावर मफलर. तशा अवस्थेत त्याने एकदाच वाजवलं, काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, "मला घरी जाऊ दे रे, नाहीतर इथेच आडवा होईन." त्याला रिक्षात बसवून लंबू परत आला.

रेकॉर्डिस्ट टेप मागे घेऊन ऐकत होता. वयाने मोठा, कामात वाघ, जिभेला हाड नाही. "ड्रम मागे पडतोय," तो म्हणाला. "असं बाहेर गेलं तर लोक मला हसतील. दुसरं कोणी वाजवतं का?"

भुंगाने लंबूकडे पाहिलं. लंबूने जमिनीकडे पाहिलं. अर्धा तास उरला होता, आणि मोकळी टेप नव्हती. नवं करायचं तर जुन्यावरच.

लंबू बसला. आता एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण सगळं पुढचं तिच्यावर अडलंय: लंबू डावरा. ड्रम मांडलेले उजव्या माणसाला सोयीचे, पण लंबू ते डाव्या हाताने ओढून वाजवायचा. त्यामुळे मोठ्या ठोक्यांच्या मधे जे बारीक टपटप ठोके असतात, जे बाकीचे लोक डाव्या हाताने जेमतेम उरकतात, ते त्याचे दाणेदार पडले. रेकॉर्डिस्ट काचेमागे उठून उभा राहिला. भुंगा हसली. आणि खोटं कशाला बोला, लंबूलाही मजा आली. दोन वर्षं दुसऱ्याच्या पाठीमागे उभं राहिल्यावर माणसाला एकदा पुढं बसावंसं वाटतं. हेच त्याला पुढे सगळ्यात जास्त खुपलं. नाइलाज होता असं तो भुंगाला सांगायचा, स्वतःला सांगायचा. पण नाइलाजाने माणूस इतकं चांगलं वाजवत नाही.

ठरलं असं की ठोक्या बरा झाला की त्याला सांगायचं. ठोक्याला उतार पडायला बारा दिवस लागले, आणि तोवर रेकॉर्डिस्टने कॅसेटची पहिली प्रत त्याच्या घरीच पाठवून दिली होती. तळघरात आला तो डोळ्यांत पाणी घेऊन. "मला काहीच आठवत नाही रे," तो म्हणाला. "तापात काय वाजवलं, कसं वाजवलं. पण ऐकलंस का? हे मी वाजवलंय?"

भुंगा गिटारच्या खुंट्या पिळत राहिली. लंबू म्हणाला, "तूच. नाहीतर कोण?"

संपलं. तीन शब्द. तेव्हा वाटलं, मित्राचं मन राखलं.

पायऱ्या गाजलं. रेडिओवर लागलं, चहाच्या टपऱ्यांवर वाजलं, लोकांनी बँडला डोक्यावर घेतलं. प्रत्येक कार्यक्रमात शेवटी तेच मागायचे, आणि प्रत्येक कार्यक्रमात ठोक्या ते वाजवायचा, आणि प्रत्येक वेळी ते कॅसेटसारखं व्हायचं नाही. कसं होणार? उजव्या माणसाचा डावा हात तो. लोक तोंडावर बोलत नसत, पण कॅसेटवर भारी वाटतं, एवढं कानावर पडायचंच.

ठोक्या झपाटला. रोज पाच पाच तास नुसता डावा हात. स्वतःचा तो मागे रेललेला ठेका त्याने बाकी सहा गाण्यांतूनही काढून टाकला, कारण त्याला वाटायला लागलं की खरा मी तो तापातला. "एकदा जमलंय ना," तो म्हणायचा, "म्हणजे हातात आहे. कुठंतरी अडकलंय." मनगट सुजलं. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, काही झालेलं नाही, महिनाभर काठी धरू नका. ठोक्याने ऐकलं नाही. दुसरा सर्जन गाठला, त्याच्या मागे लागला, आणि मनगटाचं ऑपरेशन करून घेतलं.

इस्पितळात त्याला लंबूच घेऊन गेला होता. स्कूटरवर, मागे बसवून. सिग्नलला थांबले तेव्हा ठोक्या त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून म्हणाला, "बरा झालो की पायऱ्या असं वाजवीन की बघत राहशील." तोंड उघडायला ती एक जागा होती. सिग्नल चांगला दीड मिनिटाचा. लंबू मूग गिळून बसला, हिरवा दिवा लागला, त्याने गिअर टाकला.

हात बरा झाला नाही. दोन बोटं बधिरच राहिली. नवा ड्रमर आणला, तो टिकला नाही. दुसरा आणला, त्याला दाढदुखीचं गाणं नको होतं. शेवटच्या कार्यक्रमाला एकवीस माणसं होती, त्यातली सहा नात्यातली. मग भुंगा शाळेत संगीत शिकवायला लागली, लंबूने लिफ्टचा कोर्स केला, दोघांनी लग्न केलं. ओळखीचे चिडवायचे, नावात चौथा मजला, तालीम तळघरात, आता बसा वरखाली करत. लंबूही हसायचा. ठोक्या मेहुण्याच्या रंगाच्या दुकानात उभा राहिला. कॅसेटला तेवीस वर्षं झाली.

त्या संध्याकाळी लंबूने घरी विषय काढला. भुंगा वह्या तपासत होती.

"आता उकरून काय मिळणार आहे?" ती म्हणाली. "तो खुश आहे ना? राहू दे की."

"छापलं गेलं तर कायमचं होईल."

"कायमचं झालंच आहे की. आणि तू एकटा नव्हतास. मीही हसले होते त्या दिवशी." तिने लाल पेन बंद केलं. "सांगायचं तर त्याच्यासाठी सांग. स्वतःचं ओझं उतरवायला नको."

लंबूला हे झोंबलं, कारण तिचं बरोबर होतं. तीन दिवस त्याने त्यावर डोकं शिणवलं. ठोक्यासाठी सांगतोय की स्वतःसाठी? एवढंच कळलं की तो माणूस तेवीस वर्षं आपल्याच हाताला दोष देतोय, आणि हाताचा काही गुन्हा नव्हता.

शनिवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ठोक्या काउंटरमागे रंगाचे डबे बंद करत होता. झाकण ठेवायचं, रबरी हातोडीने कडेकडेने ठोकायचं. डबा डाव्या कोपराने दाबून धरायचा, कारण त्या हाताची पकड नव्हती. शेजारी फोटोंचा लिफाफा काढून ठेवलेला.

"ये," तो म्हणाला. "केस बघ किती होते आपल्याला."

"आधी ऐक," लंबू म्हणाला. उभ्या उभ्याच सांगितलं, नाहीतर धीर सुटला असता. ताप, रिक्षा, रेकॉर्डिस्ट, अर्धा तास. डावा हात. काही सजवलं नाही, भुंगाचं नाव घेतलं नाही. शेवटी म्हणाला, "पायऱ्यावर तू नाहीस. मी आहे."

ठोक्याने ठोकत असलेलं झाकण पूर्ण केलं. मग हातोडी खाली ठेवली.

"डाव्याने," तो म्हणाला.

"हो."

"तरीच." त्याने आपलं डावं मनगट उलटं करून पाहिलं. पांढरी रेघ होती तिथे, बोटभर. "म्हणजे ह्यात काहीच अडकलेलं नव्हतं."

"काहीच नव्हतं."

"आणि तू मला स्कूटरवरून सोडायला आलास."

माफ कर म्हणायचं तो घरून ठरवून आला होता, ते राहूनच गेलं. ओरडला असता ठोक्या, हातोडी फेकून मारली असती, तर बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही.

"त्या गाण्यापुढे तुझं नाव घालायला सांग त्या पोरीला," तो म्हणाला. "बाकी सहा माझी. ती तर माझी आहेत ना?"

"तुझीच आहेत."

"विचारलेलं बरं आता." मग, "आणि मी वाजवलेलं? त्याचं काय केलंत?"

"त्याच्यावरच केलं. पुसलं गेलं."

"तुला आठवतं?"

आठवत होतं. जगात त्या एका माणसालाच आठवत होतं, आणि गेली तेवीस वर्षं, मशीनच्या खोल्यांत, लिफ्टच्या टपावर, ते त्याच्या डोक्यात चालूच होतं. लंबूने दोन बंद डबे जवळ ओढले आणि बोटांनी झाकणांवर वाजवायला सुरुवात केली.

"पळतोयस," ठोक्या म्हणाला. "मी असा पळत नव्हतो."

लंबू थांबला. श्वास घेऊन पुन्हा सुरू केलं, प्रत्येक ठोका केसभर उशिरा, भिंतीला टेकल्यासारखा. पूर्ण कडवं वाजवलं. ठोक्या डोळे मिटून ऐकत होता. त्याचा उजवा हात काउंटरवर पडलेला होता, आणि त्याचं एक बोट बरोबर त्याच जागी पडत होतं.

"हे वाईट होतं का रे?" त्याने विचारलं.

"नाही," लंबू म्हणाला. "चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं."

ठोक्याने मान डोलावली. हातोडी उचलली आणि पुढचं झाकण डब्यावर ठेवलं.

"त्या दिवशी रिक्षातून घरी जाताना," तो म्हणाला, "अंगात एवढा ताप होता, पण मला वाटलं होतं, आज बरं वाजलं."