आबांची फियाट आणि माझी मारुती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पण परवा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मला माईक देऊन विचारलं — फियाट भारी की मारुती आठशे? आणि मी, निर्लज्जासारखा, आबांच्या विसरभोळेपणाचा किस्सा सांगून टाळ्या घेतल्या! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांची फियाट माझ्याहून वयानं मोठी — स्टिअरिंगला गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट, भारदस्त आवाज. माझी मारुती नव्वदच्या दशकातली, हलकी, चलाख. पण शाहूपुरीत आमच्या दुकानासमोर दोन्ही उभ्या राहिल्या की माणसं जमायची ती फियाटभोवती. आबा माझ्या गाडीच्या पत्र्यावर टिचकी मारून म्हणायचे, "ही गाडी न्हवं, साबणाची पेटी हाय की!" सगळे हसायचे. माझ्या सासुरवाडीचे पावणेसुद्धा. डोक्यात सणक जायची — खोटं कशाला बोलू?

फियाटचा रेडिएटर गळायचा आणि तापमानाचा काटा कधीच बंद पडला होता. म्हणून निघण्याआधी पाणी भरावंच लागे, आणि ते काम पहिल्यापासून माझं. मारुतीला असली कटकट नव्हती. दसऱ्याला दोन्ही गाड्यांना झेंडूचे हार घालून जोतिबाला जायचं, थोरल्याची गाडी पुढे, हा आमच्या घरचा रिवाज. त्या दसऱ्याला मी फियाट धुतली, पुसली, हार घातला. पाणी — भरलं नाही. विसरलो? छे! मुद्दाम भरलं नाही. पावण्यांसमोर एकदा डोंगर चढताना उकळू दे, एवढंच मला हवं होतं.

"पाणी बघितलंस न्हवं?" आबांनी निघताना विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

चढावर इंजिन जाम झालं, ते कायमचंच. आबा माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा तरी बोलायचं ना? मी काय केलं — सगळ्यांदेखत ओरडलो, "मी भरलं होतं! मघाशी तुम्हीच झाकण उघडून बघितलंत, नीट लावलं नसणार!"

त्यांनी झाकणाला हातही लावला नव्हता. आबांनी एकदा झाकणाकडे बघितलं. मग म्हणाले, "उघडलं असंल. माझ्या ध्यानात न्हाय."

पुन्हा त्यांनी कुठलीच गाडी चालवली नाही. दुकानाचा कारभार माझ्यावर सोपवला. घराचं कुलूप ओढून बघायचे, दोन पावलं जाऊन परत यायचे आणि मला विचारायचे, "लावलंय न्हवं मी?" धडधाकट डोक्याचा माणूस! आणि लोक मला म्हणायचे, वडिलांना छान सांभाळतोस. संताप येतो मला त्या लोकांचा — नाही, त्यांचा कशाला? ते ऐकून मला बरं वाटायचं, त्याचा येतो.

दवाखान्यात, शेवटी शेवटी, त्यांनी माझा हात धरला. "माझ्या विसरण्यानं तुला लई तरास झाला रं," म्हणाले.

"असू द्या, आबा," मी म्हणालो. मी त्यांना माफ केलं.